तळ्याला यंदाच जायचं

प्रिय ठमू,

अनेक आशीर्वाद. काल सामान आलं. त्याचा हिशोब आधी लिहिते, म्हणजे तुझ्या दादाकडून तुला तो तिखटमीठ लावून कळायला नको. गाडीची मागची दोन टायरं, वापरलेली पण नक्षी शाबूत असलेली, तीन हजार दोनशेला. गॅरेजवाल्याने चार हजार सांगितले होते. मी त्याच्या दारातल्या बाकावर बसून जप सुरू केला, तेव्हा खाली आला. टपावर सामान बांधायची लोखंडी जाळी साडेसातशे. मोठा थर्मास, झाकणाला पोचा आहे म्हणून अडीचशे. तुझ्या लेकीला, आमच्या बडबडीला, खिडकीतून बाहेरचं दिसावं म्हणून उंच गादी घरच्याच जुन्या पडद्यांची शिवली, तिला फक्त दोऱ्याचा खर्च. आणि रस्त्यांचा नवा नकाशा ऐंशीला. यावर तुझे बाबा उसळले. "नकाशा विकत आणलास? माझ्या घरात?" मी म्हटलं, तुमच्या घरातल्या नकाशांवर एकदा विश्वास ठेवून बघितलाय. मग ते चहा घेऊन गॅलरीत गेले.

तर यावरून तुझ्या लक्षात आलं असेलच. शाळेला सुट्टी लागली की आपण डोंगरात जायचं, गाडीने. पहिल्या दिवशी घाट चढून वरच्या गावात मुक्काम, दुसऱ्या दिवशी लहान तळी बघत बघत निवांत, आणि तिसऱ्या दिवशी मोठं तळं. बाबांचं तळं. मी ठरवलं आहे. घरात हे कोणालाही पसंत नाही, तुझ्या बाबांना तर नाहीच. त्याने काही बिघडत नाही. फोनवर हे सगळं सांगता आलं असतं, पण फोनवर तू "आई, नको ना तो विषय" म्हणतेस आणि बडबडीला पुढे करतेस. पत्राला मधेच तोडता येत नाही, म्हणून पत्र.

तू चौथीत होतीस तेव्हाची ती सहल तुला आठवते का, मला ठाऊक नाही. मला तर काल झाल्यासारखी आठवते. बाबांच्या कचेरीत तेव्हा त्या खोऱ्याचा नकाशा निघाला होता. तळ्याची कड बाबांनी काढलेली, निळा रंगही त्यांनीच भरलेला. तीन महिने घरी जेवताना दुसरं बोलणं नव्हतं. एका ठिकाणी पाणी डोंगराच्या दोन सुळक्यांमधून आत शिरतं, ती चिंचोळी जागा काढताना म्हणे श्वास धरावा लागतो. नकाशा छापून आला आणि हे म्हणाले, चला, आपलं तळं बघून येऊ. दिवसभर गाडी चालवली. रस्त्यात कोणाला विचारणं नाही, कारण ज्याने नकाशा काढला त्याने रस्ता विचारायचा म्हणजे नाक कापून घेणं. संध्याकाळी पोचलो, तर समोर कोरडं खोरं, मेंढ्या, आणि धरणाच्या कामाची रंग उडालेली एक पाटी. काम दोन वर्षं बंद पडलेलं. कचेरीने पुढचा विचार करून तळं आधीच छापून टाकलं होतं, आणि ह्या माणसाला वाटलं, कागदावर आहे म्हणजे आहेच!

तू खिडकीतून डोकं काढून मेंढपाळ आजोबांना विचारलंस, तळं कुठे आहे हो? ते म्हणाले, आलं की सांगतो. बाबांना ते लागलं. त्यांनी बॉनेटवर नकाशा पसरला आणि त्या म्हाताऱ्याला पटवायला लागले की तुम्ही आत्ता चाळीस फूट पाण्याखाली उभे आहात. म्हाताऱ्याने शांतपणे पायांकडे बघितलं आणि म्हणाला, जोडा तर कोरडा आहे. मी गाडीत तोंडात पदर कोंबून बसले होते. तू मात्र खाली उतरून बाबांच्या बाजूने भांडलीस. "आमच्या बाबांनी काढलंय म्हणजे येणारच." पुढे मी कितीदा चिडवलं, पण ते खोरं परत बघायला हे कधी गेले नाहीत.

आता ते तळं भरलं आहे. दोन पावसाळे झाले. बाबांच्या कचेरीतले जुने हेडक्लार्क जाऊन आले आणि आमच्याकडे मुद्दाम सांगायला आले की पाणी अगदी तुमच्या रेघेवर थांबलंय हो, त्या सुळक्यांमधूनसुद्धा तस्संच आत शिरलंय. बाबा हसले, त्यांना पोचवायला फाटकापर्यंत गेले आणि बराच वेळ तिथेच उभे राहिले. तेव्हाच जायला हवं होतं. तेव्हा का गेलो नाही ते तुलाही माहीत आहे, मलाही. त्यावर पुढे येते.

बाबांच्या डोळ्यांचं तुला दादाने सांगितलं असेल, पण तो नेहमीप्रमाणे गोड करून सांगतो. मी तसंच सांगते. नजरेच्या मधोमध डाग धरला आहे. समोरचं जातं, कडेचं राहतं. माझ्याकडे बघतात तेव्हा मी दिसत नाही, माझ्या शेजारचं कपाट दिसतं. मला म्हणतात, कपाट बोलत नाही एवढाच फरक. चेष्टा करतात म्हणून दादाला वाटतं की त्यांनी मनावर घेतलेलं नाही. पण मी रोज बघते ना, वर्तमानपत्र तिरकं धरून वाचायला बघतात, मग घडी घालून म्हणतात, आज काही विशेष नाही. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत, लपवत नाहीत. त्या म्हणाल्या, गाडी चालवणं आजपासून बंद. आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, आजी, लांबचं काही दाखवायचं असेल तर पुढच्या वर्षावर टाकू नका. झालं. मी घरी आले, देवापुढे दिवा लावला आणि सांगितलं. मागितलं नाही, सांगितलं. इतकी वर्षं न चुकता दिवा लावते आहे, एवढा हक्क माझा पोचतो.

मग घरातली अदालत भरली. बाबा म्हणाले, जे मला नीट दिसणार नाही ते बघायला पेट्रोल कशाला जाळायचं? बघ, मला माझ्याच काटकसरीने गप्प करायला निघाले. मी म्हटलं, काटकसर मी करते, तेव्हा ती कुठे मोडायची हेही मीच ठरवीन. दादा म्हणाला, आई, बँकेत तपासणी आहे, मला रजा नाही, आणि तुला तळंच दाखवायचंय ना, मी दाखवतो. आणि त्याने फोनवर तळं काढून बाबांच्या तोंडासमोर धरलं. बाबांनी मान वाकडी करून डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं. म्हणाले, हिरवं का दिसतंय? मी निळं दिलं होतं. दादा हसला. मला हसू आलं नाही. मी त्याला म्हटलं, तुझं लग्न झालं तेव्हा आम्ही फोटोवर अक्षता टाकल्या असत्या तर चाललं असतं का रे? तो म्हणाला, तुझ्याशी बोलण्यात अर्थ नाही. हे मात्र त्याचं खरं.

तरी मुलगा वाईट नाही. दोन दिवसांनी भाड्याचा ड्रायव्हर घेऊन आला. म्हणाला, पैसे मी देतो, पण ह्या वयात हट्ट नको. मी म्हटलं, आधी बाजारापर्यंत चक्कर मारू, मग बघू. ठमू, तो मुलगा चांगल्या घरचा होता, शर्ट इस्त्रीचा, पण गाणी लावून बसला. बाबा त्याच्या शेजारी. तुला माहीतच आहे, गाडी चढाला लागली की गिअर कधी बदलायचा ते बाबांना कानाने कळतं. "दुसरा टाक. दुसरा. अरे, ती रडतेय, तिला ऐकू येतंय, तुला नाही येत?" तीनचारदा झालं तेव्हा तो म्हणाला, काका, तुम्ही डोळे मिटून शांत पडा, मी नेतो की. त्याला बिचाऱ्याला काय माहीत. बाबांनी गाडी थांबवायला लावली, उतरले, आणि भिंतीला हात लावत लावत पायी घरी आले. मी मागून चालत होते. फाटकाशी येऊन थांबले. मग म्हणाले, तू काढून टाक तो विचार. मी म्हटलं, ड्रायव्हरचा विचार काढला. तळ्याचा नाही.

आता हसू नकोस. मी स्वतः शिकायला गेले. चौकातल्या गाडी शिकवायच्या शाळेत, कोणाला न सांगता, भाजीची पिशवी घेऊन. क्लच जमला. गिअर जमला. मास्तर म्हणाला, ह्या वयात हात चांगला बसलाय. पण आपला पहिला मोठा चौक आला, समोरून हे भलंमोठं वाहन आलं, आणि माझे हात आपोआप जोडले गेले. दोन्ही! डोळेसुद्धा मिटले. मास्तरने ब्रेक मारला. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. शेवटी तो हात जोडून मला म्हणाला, आजी, देव तुमच्याकडे बघतोय, तुम्ही रस्त्याकडे बघा ना. मी पुष्कळ प्रयत्न केला, पण जन्माची सवय आहे, चाक धरून सुटणारी नाही. अर्धी फी परत मागून घेतली. तो द्यायला खळखळ करीत होता. मी म्हटलं, अर्धा वेळ गाडी तूच चालवलीस की.

सगळ्या बाजूंनी बघून झालं तेव्हा मी घरात एवढंच जाहीर केलं की चालवणाऱ्याची सोय झाली आहे. कोण ते सांगितलं नाही. दादा रोज एकदा विचारतो. मी म्हणते, तू तपासणी बघ. त्याला एक काम मात्र नेमून दिलंय, आम्ही नसताना रोज संध्याकाळी देवापुढे दिवा लावायचा आणि एक मिनिट उभं राहायचं, फोन खिशात ठेवून. तो म्हणाला, आई, मी मॅनेजर आहे. मी म्हटलं, देवाला चालेल.

मुक्कामाचं पक्कं झालंय. वरच्या गावात एका शिक्षिकाबाईंच्या घरी दोन खोल्या आहेत, साध्या, पण गरम पाणी आणि गाडी लावायला अंगण. दुसऱ्या दिवसाची वाट मी मुद्दाम लांबची घेतलीय, कारण जवळच्या वाटेवर मोठ्या गाड्यांची गर्दी असते आणि लांबच्या वाटेवर दर थोड्या अंतरावर बाजूला थांबायला जागा आहे. गॅरेजवाला त्या बाजूचा, त्याने सगळी वळणं सांगितली. उन्हं चढायच्या आत घाट संपवायचा, दुपारी झाडाखाली डबा, चार वाजल्यानंतर गाडी हलवायची नाही. घाईचं काही नाही. बाबांना डाव्या खिडकीशी बसवायचं, म्हणजे पाणी त्यांच्या कडेच्या नजरेत येईल. नकाशा मांडीवर घेऊन मी हे सुद्धा बघितलंय की तिसऱ्या दिवशी तळ्याच्या कोणत्या काठाने गेलं की पाणी डाव्या हाताला राहतं.

आता ज्या गोष्टीवर येते म्हटलं होतं ती. तुझ्या अपघाताबद्दल या घरात दोन वर्षं कोणी मोठ्याने बोललेलं नाही. मी बोलते. उतार होता, पाऊस होता, आंधळं वळण होतं, आणि बिनदिव्याचा ट्रक तुझ्या अंगावर आला. एका बाजूला दरी, एका बाजूला डोंगर. तू गाडी डोंगराकडच्या चरात घातलीस. जावईबापूंच्या खांद्याचं हाड मोडलं, तुझ्या कपाळाला टाके पडले, आणि तुम्ही दोघं जिवंत घरी आलात. जो पोलीस तिथे आला होता तो मला दवाखान्यात म्हणाला, बाईंनी दुसऱ्या बाजूला चाक फिरवलं असतं तर मी इथे नसतो, खाली असतो. हे मी घरात सगळ्यांना सांगितलं. सगळ्यांनी ऐकलं आणि माना डोलावल्या. आणि तरी काय झालं? बाबा दवाखान्याच्या जिन्यात तुला म्हणाले, आता पुरे झालं तुझं गाडी चालवणं. ज्या माणसाने तुला मोकळ्या मैदानात विटा मांडून शिकवलं, ज्याने सगळ्या ऑफिसात सांगितलं की माझी मुलगी माझ्यापेक्षा सरळ चालवते, तोच हे म्हणाला. घाबरला होता, दुसरं काही नाही. जावईबापू बिचारे प्रेमाने म्हणाले, राहू दे, आपण डोंगरात जायचंच नाही. त्यांना घाटात मळमळतं म्हणून ते तेव्हा गोळी घेऊन झोपले होते. त्यांनी तो ट्रक बघितलाही नाही. दादा म्हणाला, जे होतं ते चांगल्यासाठी. आणि तू? तू एकालाही उलटून बोलली नाहीस. गाडी विकलीस. आता बसने येतेस, बडबडीला मांडीवर घेऊन, आणि खिडकीची जागा दुसऱ्याला देतेस. चौथीतली माझी मुलगी परक्या म्हाताऱ्याशी भांडली होती. ही कोण आहे, मी ओळखत नाही, आणि ओळख करून घ्यायची माझी इच्छाही नाही.

तेव्हा हे पत्र तुम्हा तिघांना सहलीचं आमंत्रण नाही, ठमू. जागा तुम्हाला आहेच, ते काय सांगायला हवं? बाबा पुढे, मी, जावईबापू आणि बडबडी मागे. पत्र एवढ्यासाठी की गाडी तू चालवायचीस. दुसरा कोणी चालवणार नाही. तू नाही म्हणालीस तर टायरांसकट गाडी दारात उभी राहील आणि बाबा ते तळं न बघताच राहतील, हे मी तुला घाबरवायला लिहीत नाही, जसं आहे तसं लिहिते. जावईबापूंना विचारू नकोस, सांग. चांगले आहेत, ऐकतील. दादाला मी बघून घेईन. राहिले बाबा. त्यांनी परवा चहा घेताना विचारलं, चालवणार कोण? मी म्हटलं, या घरात जी सगळ्यांत बरी चालवते ती. ते कप ठेवून उठले. दुपारी मी खिडकीतून बघितलं तर तेलाचा डबा घेऊन गाडीत वाकलेले, हाताने चाचपत काहीतरी करताहेत. संध्याकाळी बडबडीची गादी ठेवायला मी खाली गेले. चालकाची सीट, जी त्यांच्या लांब पायांसाठी कायम मागे सरकवलेली असते, ती पुढे ओढलेली होती, आणि पाठ सरळ केलेली, तुला लागते तशी. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. तुला भीती वाटत असेल तर तसं लिही, ते कारण मला चालेल. घाटाच्या पायथ्याशी थांबू, तू म्हणशील तेवढा वेळ थांबू, सगळा दिवस थांबू. पण "हे म्हणतात" आणि "दादा म्हणतो" ही कारणं मी वाचणार नाही. शिक्षिकाबाईंना खोल्यांचं शनिवारपर्यंत नक्की सांगायचं आहे. तेव्हा फोन नको, निरोप नको. तुझ्या हाताने लिहून, उलट टपाली, येते म्हणून कळव.

तुझीच,
आई